तुलनेच्या गावांचे देणे

सार्वजनिक आरोग्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे. तिला बीड जिल्ह्यातील 20 गावांमध्ये ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास करायचा आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 10 गावांत हिमोग्लोबिनची तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि आशा सेविकेमार्फत पाठपुरावा होईल. उरलेल्या 10 गावांत ‘नेहमीची सेवा’ चालू राहील आणि तिथे आरंभी व शेवटी केवळ हिमोग्लोबिन मोजले जाईल. प्रबंधाच्या शीर्षकात ‘आरोग्य आणि न्याय’ हे शब्द आहेत. मार्गदर्शकांच्या मते मात्र नैतिकता समितीचा अर्ज ही केवळ औपचारिकता आहे. अशा अभ्यासात न्यायाचा प्रश्न नेमका कुठे येतो, आणि तुलनेच्या गावांना काही न देणे योग्य आहे का, असे तिने विचारले आहे.

मी सामुदायिक आरोग्य या क्षेत्रात अठ्ठावीस वर्षे काम केले आहे आणि त्यांपैकी बरीच वर्षे नैतिकता समितीची सदस्य म्हणून इतरांचे प्रस्ताव वाचले आहेत. त्या अनुभवावरून सांगते, की तुमचा दुसरा प्रश्न हाच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. विकसनशील देशांतील आरोग्य-संशोधनात न्यायाची खरी परीक्षा प्रस्तावनेत किंवा निष्कर्षात होत नाही. जिला आपण काहीच देणार नाही असे ठरवतो, त्या तुलनेच्या गटातील बाईबद्दल आपण काय लिहितो, तिथे ती होते. तुमच्या प्रस्तावात तिच्यासाठी ‘नेहमीची सेवा’ हे दोनच शब्द आहेत, म्हणून या उत्तराचा बराचसा भाग मी त्या दोन शब्दांवरच खर्च करणार आहे.

या वादाची सुरुवात आपल्याकडे झाली नाही, पण त्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी तिथूनच यावे लागते. 1994 साली अमेरिका आणि फ्रान्समध्ये झालेल्या एका चाचणीतून असे दिसले, की एचआयव्हीची लागण झालेल्या गरोदर स्त्रीला झिडोव्हुडिन हे औषध दिले, तर बाळाला होणारी लागण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर येते. श्रीमंत देशांत हे औषध लगेच प्रचारात आले. आफ्रिकेतील बहुतेक देशांना मात्र त्याची किंमत आणि शिरेतून औषध देण्याची दीर्घ पद्धत परवडणारी नव्हती. म्हणून कमी मुदतीचा, स्वस्त उपचार शोधण्यासाठी आफ्रिकेत, थायलंडमध्ये आणि इतरत्र नव्या चाचण्या सुरू झाल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांत तुलनेच्या गटातील गरोदर स्त्रियांना औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिली गेली. 1997 साली पीटर ल्यूरी आणि सिडनी वुल्फ या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिले, की विकसनशील देशांतील अशा 16 चाचण्यांपैकी 15 चाचण्यांत काही स्त्रियांना एचआयव्हीविरोधी औषध मिळणार नव्हते. जी गोष्ट स्वतःच्या देशात करण्यास कोणतीही समिती परवानगी देणार नाही, ती गोष्ट हे संशोधक दुसऱ्या देशात का करत आहेत, असा त्यांचा सरळ सवाल होता.

त्या चाचण्यांच्या समर्थकांचे उत्तरही पोकळ नव्हते आणि ते तुम्ही नीट वाचावे. त्या देशांतील स्त्रियांना तसेही काही मिळत नव्हते. चाचणीमुळे कोणाचीही स्थिती पूर्वीपेक्षा वाईट झाली नाही. आणि ‘हा स्वस्त उपचार काही न देण्यापेक्षा बरा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर तिथल्या सरकारांना लवकर हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते. थायलंडमधील चाचणीचा निष्कर्ष 1998 च्या आरंभी हाती आला तेव्हा लहान मुदतीच्या उपचाराने लागण 18.9 टक्क्यांवरून 9.4 टक्क्यांवर आल्याचे दिसले, आणि या माहितीचा उपयोग अनेक देशांना झाला, हेही खरे आहे. पण त्याच थायलंडमध्ये त्याच काळात दुसरी एक चाचणी अशीही आखली गेली, की तिच्यात प्रत्येक स्त्रीला औषध मिळत होते आणि तुलना केवळ कमी-अधिक मुदतींची होती. मला या सगळ्या वादात हे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुसरी आखणी शक्य होती, कोणाला तरी ती सुचली होती आणि तिला पैसेही मिळाले होते. त्यामुळे ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे वाक्य कोणत्याही प्रस्तावात दिसले, की मी ते पुन्हा वाचते.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ, कारण तुमचा अभ्यास मराठवाड्यातील आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात 1999 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीची एक मोठी चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था यांनी ती केली. गावांचे 52 समूह करण्यात आले आणि 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 निरोगी स्त्रिया तीत होत्या. एका गटात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्यात अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी झाली; चौथ्या गटात पूर्वतपासणी नव्हती, केवळ नेहमीची सेवा होती. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटातील 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी या कर्करोगाने दगावल्या, तर तुलनेच्या गटातील 31,488 स्त्रियांपैकी 64 जणी. पुढच्या टप्प्यात पोहोचलेले कर्करोग पहिल्या गटात 39 आणि तुलनेच्या गटात 82 होते. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनेही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, हे ग्रामीण मराठवाड्यातील स्त्रियांनी जगाला दाखवून दिले, आणि कमी साधनांच्या देशांतील धोरणांना या आकड्यांनी आधार दिला.

मी या चाचणीचे वैज्ञानिक मोल कमी लेखत नाही. त्या कामासाठी ज्यांनी गावोगाव फिरून स्त्रियांना तपासणीस तयार केले, त्यांचे कष्ट मला ठाऊक आहेत. तरीही 64 हा आकडा वाचताना थांबावे लागते. पूर्वतपासणीने हा कर्करोग टळतो, हे पॅप तपासणीच्या अनेक दशकांच्या अनुभवावरून श्रीमंत देशांत मानले जात होते. मग एका गटाला काहीच न तपासता वर्षानुवर्षे त्यांचे मृत्यू मोजणे योग्य होते का, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि मुंबईहून निघणाऱ्या भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर वाद झाला. चाचणीच्या बाजूचे म्हणणे असे, की भारतात तेव्हा राष्ट्रीय पूर्वतपासणी कार्यक्रमच नव्हता, म्हणून ‘नेहमीची सेवा’ म्हणजे प्रत्यक्षात तपासणी नसणेच होते, आणि पॅप तपासणी आपल्या खेड्यांत चालवणे शक्य आहे असा पुरावा नव्हता.

माझे स्वतःचे मत असे आहे. एखाद्या देशात सेवा नाही, हे त्या देशाचे वर्णन झाले. तिथल्या स्त्रीला किती मिळायला हवे याचे ते माप होऊ शकत नाही. ज्या अभ्यासाने त्या अभावाचा आधार घेतला, त्याच्यावर त्या अभावाबद्दल काही तरी करण्याचे बंधन येते. आणि इथे दुःखाची बाब अशी, की 2016 साली केंद्र सरकारने 30 वर्षांवरील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी पूर्वतपासणी करण्याची मार्गदर्शक रूपरेषा काढली, पण 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयोगटातील ज्या स्त्रियांची ही तपासणी एकदा तरी झाली होती, त्यांचे प्रमाण देशभरात 1.9 टक्के होते. ज्ञान मिळवण्याची किंमत मराठवाड्यातील स्त्रियांनी मोजली. त्या ज्ञानाचे फळ त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची होती, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. चाचणी संपल्यानंतर काय, हा प्रश्न प्रस्तावातच का यायला हवा, याचे याहून जवळचे उदाहरण मला देता येणार नाही.

आता तुमच्या प्रस्तावाकडे येते. तुमची अडचण उस्मानाबादच्या चाचणीपेक्षाही सोपी आहे, आणि म्हणूनच सवलतीला जागा कमी आहे. रक्तक्षयावर लोह उपयोगी पडते का, हा प्रश्न आज कोणाच्याही मनात नाही. एवढेच नव्हे, तर 2018 च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार प्रजननवयातील, गरोदर किंवा स्तनदा नसलेल्या प्रत्येक स्त्रीला आठवड्यातून एक लाल गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची, मिळायला हवी. म्हणजे तुम्ही ‘प्रयोग’ म्हणून जे 10 गावांना देणार आहात, ते 20 ही गावांना सरकार आधीच देणे लागते. तुलनेच्या गावांतील उपकेंद्रात गोळ्या संपलेल्या असतील, आशा सेविकेकडे साठाच आला नसेल, तर तुमच्या भाषेत ती ‘नेहमीची सेवा’ होईल आणि तुमच्या दोन गटांतील फरक अधिक ठळक दिसेल. याचा अर्थ नीट पाहा: सरकारी यंत्रणा जितकी जास्त अपयशी ठरेल, तितका तुमचा निष्कर्ष चांगला येईल. ज्या अभ्यासाच्या यशाला लोकांचा हक्क बुडणे उपकारक ठरते, त्याच्या शीर्षकात ‘न्याय’ हा शब्द ठेवणे मला जड जाईल.

हे मी केवळ तत्त्व म्हणून सांगत नाही. मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आदिवासी तालुक्यातील पोषणाच्या अभ्यासात क्षेत्र-अधिकारी होते. तुलनेच्या गावांतील स्त्रियांचे हिमोग्लोबिन आम्ही अभ्यासाच्या आरंभी मोजले आणि आकडे तक्त्यात भरले. त्यांत काही जणींचे हिमोग्लोबिन 6 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे फारच कमी होते. ‘तुलनेचा गट बिघडू नये’ म्हणून त्या आकड्यांबद्दल त्यांना काही सांगायचे नाही, अशी आम्हाला सूचना होती, आणि मी ती पाळली. नऊ महिन्यांनी शेवटच्या मोजणीसाठी गेलो तेव्हा त्यांपैकी एक बाई बाळंतपणात गेल्याचे तिच्या सासूने सांगितले. तिचा आरंभीचा आकडा माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. लोहाची गोळी किंवा वेळेवर दिलेले रक्त यांनी ती वाचली असती असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण तिला किंवा तिच्या घरच्यांना ते माहीत असते, तर त्यांना काही करण्याची संधी मिळाली असती. ती संधी मी दिली नाही. त्यानंतर मी ज्या ज्या प्रस्तावावर सही केली, त्यात मोजलेला आकडा त्याच दिवशी, त्याच ओट्यावर, त्या स्त्रीला समजेल अशा शब्दांत सांगण्याची अट आहे.

म्हणून तुमच्या आखणीत तीन बदल अपरिहार्य आहेत असे मला वाटते. पहिला असा, की तपासणीचा निकाल दोन्ही गटांतील प्रत्येक स्त्रीला सांगितला जावा. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 8 ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचे 7 ग्रॅमच्या खाली आले, तर तो तीव्र रक्तक्षय मानला जातो. अशी स्त्री कोणत्याही गावची असो, तिला रुग्णालयात पोहोचवण्याची व्यवस्था, गाडीच्या भाड्यासह, तुमच्या अंदाजपत्रकात हवी. दुसरा असा, की गोळ्यांचा पुरवठा 20 ही गावांत सारखा राहील याची खातरजमा तुम्ही आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊन करावी. यामुळे दोन गटांतील फरक कमी होईल आणि गावांची संख्या वाढवावी लागेल अशी भीती तुमचे संख्याशास्त्रज्ञ दाखवतील. ती भीती खरी आहे. पण तेव्हा अभ्यासाचा प्रश्न बदला, कारण तुमचा आताचा प्रश्न मुळातच कमकुवत आहे. गोळीने रक्त वाढते का, हे विचारण्याऐवजी, जी बाई वर्षातील पाच-सहा महिने गावातच नसते तिच्यापर्यंत गोळी आणि तपासणी कोणत्या मार्गाने पोहोचते, हे विचारा. या प्रश्नाचे उत्तर खरोखरच कोणापाशी तयार नाही आणि तुलना करण्यास तो योग्य आहे.

तिसरा बदल आखणीच्या तंत्राचा आहे. आफ्रिकेतील गांबिया या छोट्या देशात 1986 साली हिपॅटायटिस-बी लशीचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा सगळ्या देशाला एकदम लस देणे शक्य नव्हते. संशोधकांनी लसीकरण पथकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि सुमारे चार वर्षांत टप्प्याटप्प्याने संपूर्ण देश लसीकरणाखाली आणला. ज्या भागाची पाळी आलेली नव्हती, तो भाग तोवर तुलनेचा गट ठरला. कोणालाही कायमचे वगळले गेले नाही आणि तुलनाही मिळाली. तुमच्या 20 गावांतही आशा सेविकेचा नवा पाठपुरावा हंगामागून हंगाम असा वाढवत नेता येईल. एक सावधगिरी मात्र बाळगा: गांबियात उशिराचे कारण लशीची टंचाई आणि पथकांची मर्यादा हे होते. जिथे तशी खरी मर्यादा नाही, तिथे केवळ तुलना हवी म्हणून कोणाची पाळी मागे ढकलणे, हे मूळच्या चुकीचेच सौम्य रूप होईल.

इथवर मी तुलनेच्या गटाबद्दल बोलले. परंतु प्रश्न कोणी निवडला, हाही न्यायाचाच भाग आहे, आणि तो बहुधा कोणत्याही समितीसमोर येत नाही. 1990 साली विकासासाठी आरोग्य-संशोधनाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने असा अंदाज दिला होता, की जगातील टाळता येण्याजोग्या अकाली मृत्यूंचा 93 टक्के भार विकसनशील देशांवर असताना आरोग्य-संशोधनावरील खर्चापैकी केवळ 5 टक्के खर्च त्यांच्या प्रश्नांवर होतो. पैसा दूरवर असतो तेव्हा प्रश्नही दूरवरच ठरतात, आणि हे दिल्ली-मुंबई आणि बीड-गडचिरोली यांच्यातील अंतरालाही लागू आहे. गडचिरोलीत 1986 साली ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू करणाऱ्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी आरंभी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर संशोधन केले, पण लोकांना तो आपला निकडीचा प्रश्न वाटत नव्हता, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. पुढे त्यांनी लोक काय सांगतात ते आधी ऐकण्याची पद्धत धरली.

त्यांच्या 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मला माझ्या विषयाकडे वळवले, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहिते. दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले; पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. या दोन आकड्यांच्या मधली जी दरी आहे, तिला आपल्या भाषेत नेमका शब्दप्रयोग आहे: या स्त्रिया आपले दुखणे अंगावर काढत होत्या. अमर्त्य सेन यांनी याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली आहे. तुम्ही आजारी आहात का, असे विचारल्यावर ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण केरळात बिहारपेक्षा पुष्कळ जास्त भरते, जरी केरळातील माणूस अधिक वर्षे जगतो. शिक्षण आणि दवाखाना जवळ असला की माणसाला स्वतःचे दुखणे ओळखता येते आणि बोलताही येते. म्हणून वंचित लोकांच्या आरोग्याचा अभ्यास केवळ प्रश्नावलीवर उभा करू नका. ‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला तुमच्या गावांत ‘काही नाही बाई, चालतंय’ असे उत्तर मिळेल, आणि तुमच्या तक्त्यात ती बाई निरोगी ठरेल.

याच गडचिरोलीत नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा जो अभ्यास झाला, त्यात गावातीलच स्त्रियांना शिकवून बाळाचे वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे इतके सारे त्यांच्याकडे सोपवले गेले. 39 गावांत हे काम झाले आणि 47 गावे तुलनेसाठी होती. 1999 साली निष्कर्ष आले: आरंभी दर हजार जन्मांमागे 62 असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी 25.5 वर आला होता. तुलनेची गावे इथेही होती, याकडे तुम्ही लक्ष वेधाल, आणि ते योग्यच होईल. फरक मला असा दिसतो, की अशिक्षित समजल्या जाणाऱ्या गावात घरी हे उपचार सुरक्षितपणे होतील का, याचे उत्तर त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. अनेक तज्ज्ञांना तर ते धोक्याचे वाटत होते. अनिश्चितता खरी होती. शिवाय अभ्यास करणारे लोक त्याच जिल्ह्यात राहत होते, निष्कर्षानंतर निघून गेले नाहीत, आणि 2011 साली केंद्र सरकारने नवजात बालकांची घरगुती काळजी आशा सेविकांच्या कामात समाविष्ट केली. तुमचा अभ्यास एवढा मोठा होणार नाही. पण तुमच्या अभ्यासात खरी अनिश्चितता कशाबद्दल आहे आणि अभ्यासानंतर गावात कोण राहणार आहे, हे दोन प्रश्न त्यालाही लागू आहेत.

बीडच्या संदर्भात आणखी एक गोष्ट टाळता येणार नाही. ऊसतोड कामगार स्त्रीचा रक्तक्षय केवळ आहारातून समजणार नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मानला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधी घेतलेली असते, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडून पैसे कापले जातात. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी नाही, शौचालय नाही, पाळीच्या दिवसांतही पहाटेपासून मोळ्या उचलायच्या. याच जिल्ह्यातील पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल 2019 साली राज्य सरकारने समिती नेमली, तेव्हा 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून जास्त जाणे, त्यातून होणारा रक्तक्षय, खाड्याची भीती आणि कायमचा इलाज म्हणून पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला, ही एकच साखळी आहे. तुमच्या प्रश्नावलीत लोहाच्या गोळ्यांवर अकरा प्रश्न आहेत आणि उचल, खाडा आणि टोळीला कामावर नेणारा मुकादम यांच्याबद्दल एकही नाही. हे प्रश्न आले नाहीत, तर दोष बाईच्या खाण्यापिण्यावर आणि गोळी न घेण्यावर जाईल.

संमतीबद्दलही हेच. संमतिपत्र वाचून दाखवले आणि अंगठा घेतला, की बहुतेकांना काम झाले असे वाटते. आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये 2009 साली वीस हजारांहून अधिक मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात वसतिगृहांतील मुलींच्या वतीने पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या घेतल्याचे उघड झाले, 2010 साली प्रकल्प थांबवला गेला आणि 2013 साली संसदीय समितीने त्यावर कठोर शब्दांत अहवाल दिला. लस वाईट होती असा याचा अर्थ नाही. पण ज्याच्या हाताखाली आपण राहतो त्याने दिलेली संमती आपली ठरत नाही. तुमच्या अभ्यासात वॉर्डनच्या जागी मुकादम आहे. तो सोबत उभा असताना कोणतीही बाई ‘नाही’ म्हणणार नाही. संमती गावात, तो नसताना घ्या, आणि नकार दिला तरी गोळी व तपासणी मिळेलच हे आधी सांगा. मुलाखतीसाठी तिचा अर्धा दिवस घेणार असाल, तर त्या वेळेची मजुरी द्या. काही समित्या याला प्रलोभन म्हणतात. मी ते मान्य करत नाही, कारण तुमच्या वेळेचे विद्यावेतन तुम्हाला मिळतेच. आशा सेविकेच्या जादा कामाचा मोबदलाही अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. तिचे काम मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर चालते, आणि संशोधकांनी तिच्यावर टाकलेल्या नोंदवह्यांचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही.

मार्गदर्शकांना अर्ज केवळ औपचारिकता वाटतो, त्याविषयी एवढेच: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अभ्यासाचे लाभ आणि भार यांच्या न्याय्य वाटपाचा व समुदायाशी संबंधाचा विचार सविस्तर केलेला आहे, आणि ती तत्त्वे केवळ औषधांच्या चाचण्यांपुरती नाहीत. तो भाग त्यांच्यासोबत बसून वाचावा.

राहिला निष्कर्ष परत देण्याचा प्रश्न. महाराष्ट्रात 2007 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीचे काम झाले, आणि बीडच्या शेजारचे उस्मानाबाद पहिल्या पाच जिल्ह्यांत होते. गावकऱ्यांनीच आरोग्यसेवांची प्रगतिपुस्तके हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडली. मी अशा काही जनसुनवायांना हजर होते. एखाद्या उपकेंद्रात सहा महिने गोळ्या नसल्याचे गावातली बाई उभी राहून सांगते आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते, तेव्हा जे घडते ते कोणत्याही शोधनिबंधाने घडलेले मी पाहिलेले नाही. तुमचे आकडे त्या बाईच्या हातात पडतील अशी सोय करा: गावनिहाय एक पान, मोठ्या अक्षरांत, उपकेंद्राच्या साठ्याच्या नोंदींसह.

आणि त्यासाठी तारीख आताच ठरवा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत परततात. जूनमध्ये पेरणीची गडबड सुरू होते. म्हणजे तुमच्या हाती मे महिन्यातील तीन-चार आठवडे आहेत. विद्यापीठाला प्रबंध सादर करण्याची तुमची मुदत जुलैची दिसते. 20 ही गावांच्या ग्रामसभा, त्यांतही तुलनेच्या 10 गावांच्या सर्वांत आधी, त्या मे महिन्यात लावा, आणि प्रबंधाचे शेवटचे प्रकरण त्यानंतर लिहा.